बोट, कान आणि आधी दाखवलेला शब्द: खरखरीतपणाच्या चाचणी-यंत्राच्या नोंदी

यंत्राचं काम थोडक्यात असं. सहभागी न दिसणाऱ्या सँडपेपरवर बोट घासतो. घासण्याचा आवाज त्याच क्षणी हेडफोनमधून त्याला ऐकू येतो, पण वाटेत त्यातले उंच सूर कमी-जास्त केलेले असतात. घासण्याआधी पडद्यावर एक शब्द झळकतो. पेपर किती खरखरीत लागला यात बोटाचा वाटा किती, कानाचा किती आणि शब्दाचा किती, हे वेगळं काढायचं आहे.

मूळ कल्पना नवी नाही. वेइक्को यूस्मॅकी आणि रिट्टा हारी यांनी १९९८ मध्ये तळहात एकमेकांवर घासायला लावून तोच आवाज हेडफोनमधून परत ऐकवला. २ किलोहर्ट्झच्या वरचे सूर वाढवले की त्वचा कागदासारखी कोरडी वाटायची. इथे तळहाताऐवजी सँडपेपर आहे, म्हणजे खरा खरखरीतपणा आकड्यात धरता येतो. ‘पी’ हे सँडपेपरच्या एका मानकाचं चिन्ह, पुढचा आकडा पेपरचा नंबर. कणांचा सरासरी आकार पी १२० मध्ये १२५ मायक्रोमीटर, पी १८० मध्ये ८२, पी २४० मध्ये ५८.५, पी ३२० मध्ये ४६.२ आणि पी ४०० मध्ये ३५. ‘पी’ नसलेला नुसता नंबर दुसऱ्या मानकाचा असू शकतो, त्याचे आकार जुळत नाहीत. खरेदी करताना मागची छपाई बघा.

८ जानेवारी

३० सेंटिमीटर व्यासाची तबकडी, तिचे सहा भाग, प्रत्येक भागावर एक पेपर. वर झाकण, झाकणाला ८ सेंटिमीटर लांब खाच. बोट खाचेतून केंद्राकडून कडेकडे सरकवायचं, आडवं नाही. आडवं घासलं तर तबकडी फिरू पाहते. खाचेवर तीन बाजूंनी बंद खोकं, हात आत गेला की पेपर दिसत नाही.

पेपर असे: पी १२०, पी १८०, पी २४०, पुन्हा पी २४०, पी ३२०, पी ४००. पी २४० मुद्दाम दोनदा, आणि दोन्ही तुकडे एकाच पानातून कापलेले. दोन अगदी सारख्या पेपरांत ‘जास्त खरखरीत कोणता’ विचारलं, तर येणारं उत्तर पेपरामुळे आलेलं नसणार. पुढचा सगळा डोलारा या जुळ्या जोडीवर उभा आहे.

दुहेरी चिकटपट्टीने पेपर लावायला जाऊ नका. पट्ट्यांच्या मधली जागा पोकळ राहते, तिथे आवाज वेगळा घुमतो आणि बोटालाही कड लागते. जुळे पेपर त्या कडेवरूनच ओळखू आले. सगळे सोलून पूर्ण पाठीला फवाऱ्याचा गोंद मारला आणि रात्रभर वजनाखाली ठेवले.

११ जानेवारी

आवाज उचलायला २७ मिलिमीटरची पिझो चकती, म्हणजे कंपनाची वीज करणारी. ती तबकडीवर चिकटवली तर वायर गुंडाळत जाते. म्हणून खाचेच्या बरोबर खाली टेफ्लॉनची एक छोटी घसरपट्टी, ती हलक्या स्प्रिंगने तबकडीला कायम टेकलेली, आणि पिझो त्या पट्टीच्या पोटाला. स्प्रिंग हवीच. नुसती टेकवून ठेवलेली पट्टी बोटाचा दाब बदलताच टकटकते, आणि तो टकटकाट कानाला चक्क खरखर वाटतो.

पिझो थेट ऑडिओ बोर्डाच्या लाइन-इनला जोडून पाहिला. आवाज पातळ, पत्र्यासारखा. कारण साधं आहे. चकतीची धारिता साधारण २० नॅनोफॅरड. पुढे १० किलोओहमचा भार आला की ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं गळतं. तोच भार १ मेगाओहम केला की ही सीमा ८ हर्ट्झवर जाते. म्हणून मध्ये टीएल०७२ ऑप-अँप चिपचा बफर (चकतीवर भार न टाकता सिग्नल पुढे देणारा टप्पा), इनपुटला १ मेगाओहम. टीएल०७२ ५ व्होल्टवर नीट चालत नाही, त्याला ९ व्होल्टची बॅटरी दिली आणि १०० किलोओहमच्या दोन रोधकांनी मध्यबिंदू काढला. इनपुटवर दोन्ही पुरवठ्यांकडे एकेक १एन४१४८ डायोड. चकतीला जोरात ठोका बसला तर ती सहज दहा-वीस व्होल्टचा झटका देते. बाहेर १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि पातळी उतरवायला १० किलोओहमचं पॉट.

१४ जानेवारी

तबकडी १२ मिलिमीटर एमडीएफची होती. आवाजाचा वर्णपट (कुठल्या सुराला किती जोर याचा आलेख) काढला तर २ किलोहर्ट्झच्या वर जवळपास काहीच नाही, एमडीएफ ते सूर पिऊन टाकतं. मुळात जे नाही ते वाढवणार काय? ५ मिलिमीटर ॲक्रिलिकची तबकडी कापून आणली, पेपर पुन्हा चिकटवले. चित्र लगेच बदललं. नव्याने करणाऱ्यांनी आधी तुकड्यावर बोट घासून वर्णपट बघावा आणि मग तबकडी कापायला द्यावी.

१७ जानेवारी

आवाज संगणकातून फिरवून पाहिला. संगणकाच्या साध्या साउंड ड्रायव्हरवर बोट ते कान उशीर बराच, शिवाय प्रत्येक वेळी वेगळा. सरासरी उशीर एकवेळ चालवून घेता येतो, हेलकावे नाही. ब्लूटूथ हेडफोनचा तर विचारही करू नका.

शेवटी टीन्सी ४.० हा छोटा मायक्रोकंट्रोलर आणि त्याचा ऑडिओ बोर्ड. त्याच्या लायब्ररीत एक ठोकळा १२८ नमुन्यांचा, ४४.१ किलोहर्ट्झला २.९ मिलिसेकंद. आत-बाहेर मिळून दोन-अडीच ठोकळ्यांइतका उशीर, आणि तो दर वेळी तोच. मोजायची पद्धत: पेन्सिलीने तबकडीवर टिचकी, दोन वाहिन्यांच्या रेकॉर्डरवर एकीकडे बफरचा आउटपुट, दुसरीकडे हेडफोनचा. दोन टोकांमधलं अंतर थेट नमुन्यांत मोजायचं.

एवढी काळजी कशाला? बोट हलतंय ते आपल्याच इच्छेने. स्वतःच्या हालचालीतून काय ऐकू यायला हवं याचा अंदाज मेंदूकडे आधीच असतो. समोरच्या पडद्यावरचं दृश्य आणि आवाज थोडे मागेपुढे झाले तर चालून जातं, तेवढी सवलत स्वतःच्या बोटाच्या आवाजाला मिळत नाही. उशीर वाढत गेला की आवाज ‘माझ्या घासण्याचा’ न राहता ‘कुठूनतरी येणारा’ होतो, आणि स्पर्शावरची त्याची पकड सुटते.

२० जानेवारी

गाळणी: २ किलोहर्ट्झच्या वर १२ डेसिबल वाढ, १२ डेसिबल घट, किंवा जसंच्या तसं. टीन्सीच्या बायक्वाड या गाळणी-ठोकळ्यात हाय-शेल्फ (ठरलेल्या सीमेवरचे सूर वर-खाली करणारी गाळणी) तयारच आहे.

वाढीच्या वेळी पी १२० वर आवाज फाटत होता. लायब्ररी १६ बिटांवर चालते, १२ डेसिबल म्हणजे जवळपास चौपट, त्यामुळे जोराच्या घासण्यात वरचं टोक कापलं जात होतं. कापलेल्या टोकांतून आणखी उंच सूर तयार होतात, म्हणजे आपण १२ डेसिबल समजतोय आणि कानावर भलतंच काही जातंय. गाळणीआधी ०.२५ ने गुणून (१२ डेसिबल खाली) जागा करून दिली. तिन्ही अवस्थांना तोच गुणक. तेवढी पातळी नंतर हेडफोनच्या आवाजात भरून काढली.

दुसरं लफडं जास्त छुपं आहे. उंच सूर वाढवले की एकूण आवाजही मोठा होतो आणि मोठा आवाज तसाही खरखरीत वाटतो. मग परिणाम सुरांचा की मोठेपणाचा? प्रत्येक पेपरवर, ठरलेल्या वेगाने घासून, तिन्ही अवस्थांची आरएमएस पातळी (आवाजाचा सरासरी जोर) नोंदवली आणि फरकाइतका उलट गुणक प्रत्येक पेपर-अवस्था जोडीला लावला. एकच गुणक सगळीकडे लावून भागत नाही. पी ४०० च्या आवाजात उंच सुरांचं प्रमाण वेगळं असतं.

२३ जानेवारी

खोक्यातून सुटणारा खरा आवाज कानावर येतोच. कान झाकणारे बंद हेडफोन, शिवाय सतत हळू गुलाबी गोंगाट (पिंक नॉइज, बाकी आवाज झाकणारी एकसारखी सळसळ). हा गोंगाट टीन्सीच तयार करतो. किती ठेवायचा? हेडफोनची घासण्याची वाहिनी बंद करून जुळ्या नसलेल्या दोन पेपरांवर दुसऱ्याने घासायचं आणि ऐकणाऱ्याने ओळखायचं. ओळखणं अंदाजपंचेवर येईपर्यंत गोंगाट वाढवायचा. कानाला त्रास होईल इतका तो लागत असेल तर गोंगाट वाढवू नका, खोक्याला आतून फोम लावा. हाडातून जाणारा थोडा आवाज उरतो, तो अशा सोप्या यंत्रात पूर्ण जात नाही. सहभागीने कोपर टेबलावर टेकलं नाही की कमी होतो.

२७ जानेवारी

तबकडी फिरवायला २८बीवायजे-४८ ही छोटी, स्वस्त स्टेपर मोटर (ठरावीक पावलांनी फिरणारी) लावली होती. सुरुवातीला सगळं ठीक, मग हळूहळू खाचेखाली भलताच पेपर. सगळीकडे लिहिलेलं असतं की हिचा एक फेरा २०४८ पावलांचा. बहुतेक मोटरींच्या आतल्या दात्यांचं गुणोत्तर मात्र ६४ नसून ६३.६८ आहे, म्हणजे फेरा जवळपास २०३८ पावलांचा. दर फेऱ्याला १.८ अंश चूक. एक भाग ६० अंशांचा, त्याचं अर्ध ३०, त्यामुळे सतरा फेऱ्यांच्या आसपास खाच शेजारच्या पेपरवर सरकते. त्या वेळपर्यंतच्या चाचणी-नोंदी टाकून द्याव्या लागल्या, कारण कुठल्या ट्रायलला (चाचणीच्या एकेका खेपेला) कुठला पेपर होता हे सांगता येईना.

तबकडीच्या कडेला चुंबक, झाकणात चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर, आणि दर फेऱ्याला शून्य पकडायचं. चूक साठायची थांबली.

३१ जानेवारी

तरीही ती मोटर काढली. मिनिटाला दहा-बारा फेरे हा तिचा वेग, म्हणजे एका पेपरवरून दुसऱ्यावर जायला सेकंदांमागून सेकंद. ‘आधीचा जास्त खरखरीत की आत्ताचा’ हे विचारताना मधे एवढा वेळ गेला तर बोटाची आठवण विरते, आणि त्या रिकाम्या जागेत शब्दाचा प्रभाव घुसतो. मग शब्दाने संवेदन बदललं की आठवण बदलली, कळायला मार्ग नाही.

आता नेमा १७ मापाची स्टेपर मोटर, एका पावलाला १.८ अंश, थेट जोडणी. वेग सावकाश चढवायचा-उतरवायचा, नाहीतर ॲक्रिलिकच्या जडत्वाने पावलं चुकतात. मोटर चालवणाऱ्या साध्या ड्रायव्हरवर मोटर थांबलेली असतानाही वेटोळ्यातून बारीक शिट्टी यायची आणि ती पिझोत उतरायची. टीएमसी२२०९ या ड्रायव्हरच्या शांत पद्धतीवर ती गेली. पिझोची वायर जाळीवाली, जाळी फक्त बफरच्या बाजूला ग्राउंडला. हॉल सेन्सर तसाच ठेवला.

३ फेब्रुवारी

मोटर किती वेळ फिरली यावरून पुढचा पेपर ओळखता येतो. शेजारचा असेल तर पटकन थांबते, समोरचा असेल तर उशिरा. सहभागीला हे शब्दांत सांगता आलं नाही तरी काही ट्रायलमध्ये तो शिकतोच. प्रायमिंगच्या (आधी दाखवलेल्या शब्दाने पुढचा अनुभव बदलतो का हे बघणाऱ्या) प्रयोगात तर हे विषच, आपण न दिलेला संकेत आपण दिलेल्या संकेताच्या शेजारी येऊन बसतो.

उपाय: दर वेळी एकूण ५४० अंश फिरायचं. आधी उलट, मग सुलट. जायचं अंतर ६० अंश असेल तर २४० उलट, ३०० सुलट. अंतर १८० असेल तर १८० उलट, ३६० सुलट. तोच पेपर पुन्हा द्यायचा असेल तर २७० आणि २७०. बेरीज तीच, वजाबाकी हवी तेवढी. दिशा पालटण्याचा क्षण मात्र मागेपुढे होतो, म्हणून मोटर चालू असताना गुलाबी गोंगाट आणखी वर न्यायचा आणि थांबल्यावर अर्ध्या सेकंदात खाली आणायचा.

७ फेब्रुवारी

पडदा. शब्दाची वेळ सेकंदांत नाही, फ्रेममध्ये द्यायची. ६० हर्ट्झला एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद, ‘४० मिलिसेकंद’ असं काही तिथे नसतंच. कोपऱ्यात पांढरा चौकोन, त्यावर बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड, आणि शब्दाबरोबरच चौकोन पेटतो. पडदा वरून खाली रंगत जातो, त्यामुळे वरच्या कोपऱ्यातला डायोड मध्यावरच्या शब्दापेक्षा सुमारे ८ मिलिसेकंद आधी बोलतो. ते वजा करा. टीव्ही पडदा म्हणून वापरत असाल तर चित्र ‘सुधारणाऱ्या’ सगळ्या सोयी बंद करा, त्यात फ्रेमच्या फ्रेम अडकतात.

देवनागरी शब्द सॉफ्टवेअरच्या मजकूर-खिडकीत टाइप करून दाखवले नाहीत. कुठे ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या बाजूला जाते, कुठे जोडाक्षर सुटतं, आणि संगणक बदलला की पुन्हा तीच डोकेदुखी. सगळे शब्द आधीच चित्रं करून ठेवले.

१० फेब्रुवारी

लपवलेला शब्द. केनेथ फोर्स्टर आणि क्रिस डेव्हिस यांनी १९८४ मध्ये रूढ केलेली पद्धत अशी: आधी ##### अशी झाकणारी रांग, मग ६० मिलिसेकंदांच्या आसपास शब्द, मग लगेच पुढची गोष्ट. वाचणाऱ्याला शब्द दिसल्याचं बहुधा सांगता येत नाही, तरी परिणाम उरतो. इथे शब्द ३ फ्रेम.

रोमन लिपीसाठी ठीक असलेली ही ##### रांग देवनागरीला पुरत नाही. शिरोरेषेच्या वरची वेलांटी आणि खालचे उकार बाहेर डोकावतात. ‘गुळगुळीत’ला खाली दोन शेपट्या, ‘खरखरीत’ला एकही नाही. वाचता न येताही ‘खाली काहीतरी हललं’ एवढ्यावरून दोन शब्द वेगळे कळतात. ## चा आकार वाढवूनही भागलं नाही, मधली अक्षरं फटीतून दिसायला लागली. शेवटी त्याच फाँटातल्या अक्षरांचे तुकडे, वरच्या-खालच्या मात्रांसकट, एकमेकांवर टाकून शब्द झाकणारे मुखवटे बनवले. दर ट्रायलला वेगळा, शब्दाआधी एक आणि शब्दानंतर एक.

तटस्थ शब्द निवडताना लांबी आणि मात्रा सारख्या हव्यात. ‘मंगळवारी’, ‘सुरुवातीस’ असे पाच अक्षरांचे, स्पर्शाशी संबंध नसलेले घेतले. कोरी जागा ठेवणं हा तटस्थ पर्याय नव्हे. शब्द दिसला याचाच वेगळा परिणाम असतो.

१४ फेब्रुवारी

शब्द आणि स्पर्श यांच्यातलं अंतर किती? बटण दाबून चालणाऱ्या प्रयोगात ते प्रोग्रॅम ठरवतो. इथे सहभागी त्याच्या मर्जीने बोट उचलतो, त्यामुळे अंतर पाव सेकंदापासून दीड सेकंदापर्यंत कुठेही. आणि हे अंतर निकालाच्या मुळाशी आहे. जेम्स नीली यांनी १९७७ मध्ये दाखवलं की पाव सेकंदाच्या अंतरात शब्दाचा आपोआप होणारा परिणामच दिसतो, जाणूनबुजून बांधलेली अपेक्षा वेळ मिळाल्यावरच कामाला लागते. दोन्ही एकाच डब्यात टाकून सरासरी काढली तर कशाचीच सरासरी येत नाही.

खाचेच्या तोंडाशी मायक्रोस्विच बसवला. बोट त्यावर टेकवून थांबायचं, बीप झाली की उचलून घासायचं. शब्द बीपशी बांधला. बोट उठल्याची वेळ स्विचकडून, पेपरला टेकल्याची वेळ पिझोच्या पहिल्या टोकावरून. प्रत्येक ट्रायलला खरं अंतर नोंदवून ठेवायचं आणि ठरलेल्या पट्ट्याबाहेरचे ट्रायल बाजूला काढायचे. पट्टा माहिती बघून नव्हे, आधीच लिहून ठेवायचा.

टीन्सी ४.० ला जुन्या मालिकेसारखी स्पर्श ओळखणारी पिन नाही, तिची वाट बघत बसू नका. बोटाचा दाब मोजणाऱ्या लोडसेलवरूनही सुरुवात पकडता येत नाही. लोडसेल वाचणाऱ्या एचएक्स७११ चिपचे तयार बोर्ड बहुधा सेकंदाला १० वाचनांवर बांधलेले येतात, म्हणजे १०० मिलिसेकंदांची अनिश्चितता. त्याची रेट पिन वर उचलली की ८० वाचनं मिळतात. दाब बघायला तेवढी पुरतात: फार जोर दिलेले ट्रायल त्यावरून गाळतो.

१९ फेब्रुवारी

पहिला पूर्ण प्रयोग १ ते १०० च्या मोजपट्टीवर चालवला: ‘किती खरखरीत?’ निकाल देखणे आले. खरखरीत शब्दानंतर आकडा वर, गुळगुळीतनंतर खाली. एवढे देखणे की संशय यावा.

मोजपट्टीवरचं उत्तर म्हणजे संवेदन नव्हे. ‘खरखरीत’ हा शब्द आत्ताच वाचलेला माणूस पट्टीच्या वरच्या टोकाकडे झुकतो, बोटाला काहीही लागो. इथे प्रयोग-मानसशास्त्राचा इतिहास डोळ्यासमोर ठेवावा. म्हातारपणाचे शब्द वाचले की माणसं सावकाश चालतात असा १९९६ चा जॉन बार्ग यांचा गाजलेला प्रयोग. २०१२ मध्ये स्तेफान दोयेन आणि सहकाऱ्यांनी हातातल्या स्टॉपवॉचऐवजी इन्फ्रारेड सेन्सरने चाल मोजली तेव्हा परिणाम मिळाला नाही. पुढच्या प्रयोगात प्रयोग घेणाऱ्यांनाच ‘हे सावकाश चालतील’ अशी अपेक्षा दिली, तेव्हा तो पुन्हा दिसला. शब्दांचे झटपट परिणाम, जसा शब्द ओळखण्याचा वेग, हे भक्कम उभे आहेत. वागणं बदलण्याचे लांबचे दावे मात्र डळमळीत.

म्हणून दोन बदल. सूचना आधी रेकॉर्ड केलेल्या, यंत्र चालवणारा पडद्याआड, त्याला कुठला शब्द झळकला ते दिसत नाही. आणि मोजपट्टी रद्द, तिच्या जागी जोडीतली निवड.

२४ फेब्रुवारी

एका ट्रायलमध्ये दोन घासण्या. एकीआधी प्रायमिंगचा शब्द, दुसरीआधी तटस्थ, क्रम यादृच्छिक. मग निवड: पहिला की दुसरा?

निवडीतही तोच झोल शिरू शकतो. ‘खरखरीत’ शब्द ज्याच्या आधी आला तो पेपर निवडायचा, एवढंच माणूस करत असेल तर? यावरचा उपाय या सगळ्या नोंदींतला सर्वांत उपयोगी आहे, आणि त्याला एकही सुटा भाग लागत नाही. अर्ध्या गटांत (गट म्हणजे सलग ट्रायलचा संच, माणसांचा नव्हे) विचारायचं ‘जास्त खरखरीत कोणता’, उरलेल्या अर्ध्यांत ‘जास्त गुळगुळीत कोणता’. जुळ्या पी २४० वर बघा. शब्दाने खरंच बोटाचं संवेदन बदललं असेल, तर ‘खरखरीत’ शब्दामागची घासणी पहिल्या प्रश्नाला जास्त वेळा निवडली जाईल आणि दुसऱ्या प्रश्नाला कमी वेळा. दोन्ही प्रश्नांना तीच घासणी निवडली जात असेल, तर शब्दाने फक्त तिच्याकडे लक्ष ओढलं, पेपर कसा लागला त्याला हातही लावलेला नाही.

असं विचारल्यावर मोजपट्टीवरच्या त्या देखण्या परिणामाचा बराचसा भाग दुसऱ्या खात्यात गेला. उंच सुरांचा परिणाम मात्र प्रश्न उलटला तसा उलटला.

प्रश्न ट्रायलगणिक बदलायचा नाही, माणसं गोंधळतात. एक पूर्ण गट एकाच प्रश्नाचा, आणि प्रश्न घासून झाल्यावरही पडद्यावर लिहिलेला.

१ मार्च

पी १२० विरुद्ध पी ४०० मध्ये ना आवाज काही करतो ना शब्द. अपेक्षितच होतं. मार्क अर्न्स्ट आणि मार्टिन बँक्स यांनी २००२ मध्ये डोळा आणि हात यांच्याबाबत दाखवलं की ज्या इंद्रियाची खबर जास्त पक्की त्याचं वजन जास्त. बोटाला स्वच्छ कळत असेल तर ते कानाचं कशाला ऐकेल? परिणाम बघायचा तर बोट साशंक व्हायला हवं. जवळच्या जोड्या घ्या, पी २४० शेजारी पी १८० किंवा पी ३२०, जिथे आवाज-शब्दाशिवाय उत्तर चारात तीनदा बरोबर येतं.

बोट आणखी साशंक करायला पातळ नायट्राइल हातमोजा घालून पाहिला. मोजा स्वतःच चिरकतो, आणि तो चिरका सूर नेमका २ किलोहर्ट्झच्या वर. सोडून दिला. खाचेत अडथळा लावून घासणी ८ ऐवजी ४ सेंटिमीटर केली. बोटाला कमी माहिती मिळाली, आवाजाचा पोत तोच राहिला, आणि कानाचं वजन वाढलं.

६ मार्च

विलंबाची अवस्था घातली: तोच आवाज २०० मिलिसेकंद उशिरा. सूर तेच, पातळी तीच, फक्त बोटाशी जुळत नाही. उंच सुरांचा परिणाम इथे कमी झाला तरच ‘इंद्रियं एकत्र आली’ म्हणता येईल. तसाच उरला तर माणूस आवाज ऐकून उत्तर देतोय, बोट नुसतं सोबतीला.

सुरुवातीला विलंबाचे ट्रायल सलग एका गटात होते. त्यानंतरच्या गटात सहभागी सांगायला लागले की आवाज बोटाच्या आधी येतोय. ही ओळखीची गोष्ट आहे. काही मिनिटं ठरावीक विलंब सोसला की मेंदू ‘एकाच वेळी’ची खूण सरकवतो. आवाज-दृश्याबाबत वाका फुजिसाकी आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये, आणि स्वतः दाबलेल्या बटणाबाबत चेस स्टेट्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ते दाखवलं. बटण दाबल्यावर उशिरा चमकणाऱ्या दिव्याची सवय झाली, की लगेच चमकलेला दिवा दाबण्याआधी चमकल्यासारखा वाटतो. विलंबाचे ट्रायल आता विखुरलेले, लागोपाठ दोनपेक्षा जास्त नाहीत.

१२ मार्च

बोट झिजतं. पी १२० आणि पी १८० वर सलग घासलं की त्वचेची टोकं बोथट होतात आणि शेवटच्या गटांत सगळेच पेपर गुळगुळीत. खरखरीत पेपरांचे ट्रायल कमी केले, गटागटांत बोट बदललं, आणि प्रत्येक गटात जोड्यांची वाटणी सारखी ठेवली, म्हणजे झीज एका अवस्थेच्या माथी बसत नाही. कापलेलं, सोललेलं बोट असेल तर त्या दिवशी घेऊ नका. ओलसर बोटाला घर्षण वेगळं लागतं. दर गटाआधी कोरड्या कापडाने पुसायचं, पावडर लावायची नाही, ती पेपरात भरते.

पेपरही भरतो. पी ४०० सर्वांत आधी, पण लबाडी करतात ते जुळे पी २४०: एकावर चार घासण्या जास्त झाल्या की जुळेपण संपलं. प्रोग्रॅम आता प्रत्येक भागावरच्या घासण्या मोजतो आणि दोन्ही जुळ्यांना सारख्या वाटतो. नवीन सहभागीआधी हेडफोन बंद ठेवून, शब्दांशिवाय, फक्त जुळ्यांची छोटी चाचणी घ्यायची. निवड एका बाजूला झुकली तर दोन्ही तुकडे एकदम बदलायचे, एकच नाही.

१७ मार्च

नोंदवायच्या रकान्यांची यादी पक्की केली. प्रत्येक ट्रायलला: दोन्ही पेपर आणि तबकडीवरचा त्यांचा भाग, गाळणीची अवस्था, विलंब, दोन्ही शब्द, कुठला आधी, फोटोडायोडची वेळ, बोट उठल्याची वेळ, टेकल्याची वेळ, घासणीचा कालावधी, सर्वोच्च दाब, आरएमएस, विचारलेला प्रश्न, उत्तर. ‘बरोबर की चूक’ हा रकाना ठेवलेला नाही. तो नंतर काढता येतो, आणि जुळ्यांसाठी त्याला अर्थच नाही.

शेवटी सहभागीला तीन प्रश्न, उघड्यावरून नेमक्याकडे जाणारे: काही वेगळं जाणवलं का, पडद्यावर काय दिसलं, शब्द दिसले असतील तर कुठले. शब्द सांगू शकणाऱ्यांची माहिती फेकायची नाही, वेगळी मांडायची. नंतर लपवलेले शब्द ओळखण्याची सक्तीची चाचणी, दोनातून एक निवडा. ‘दिसलं नाही’ म्हणणाऱ्यांपैकी काही जण इथे अंदाजापेक्षा बरंच जास्त ओळखतात. जुना ##### मुखवटा असता तर शेपट्यांवरून सगळ्यांनीच ओळखलं असतं.

राहिलेलं काम: स्प्रिंगचा ताण उकाड्यात सैल होतो आणि आरएमएसचे गुणक बदलतात, ते दर महिन्याला पुन्हा मोजायचे. फवाऱ्याच्या गोंदाने लावलेला पेपर काढताना ॲक्रिलिकला ॲसिटोन लावू नका, तडे जातात. कोमट पाणी आणि प्लॅस्टिकची पट्टी पुरते.